गाल बसले तेव्हाही लोक बोलले, आता अंग भरलं तरी बोलतात

सांगलीला एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला गेलं की नव्या बायका हल्ली एकच विचारतात. टीएलडीनं, म्हणजे या आताच्या गोळीनं, वजन वाढतं का हो ताई? वाढतं. सगळ्यांचं नाही, पण बायकांचं जरा जास्तच वाढतं. आपल्या आधीची गोळी एफाविरेन्झवाली असेल, तर ती वजन दाबून ठेवायची. ती सुटली की तोही दाब सुटतो. आजारात गेलेलं अंग परत येतं ते वेगळंच. मग पुढचा प्रश्न त्या विचारत नाहीत, पण तोंडावर दिसतो: थोडे दिवस बंद ठेवली तर?

मी तासगावजवळ बेदाणा शेडमध्ये निवडणीचं काम करते. सरकारनं फुकट एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, २००४ च्या एप्रिलमध्ये सुरू केली. त्यानंतर थोड्याच काळात मीही रांगेत उभी राहिले. माझे मालक, म्हणजे नवरा, सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या कामाला परराज्यात असायचे, ते त्याच्या आधीच वारले. ती गोष्ट आज लिहायची नाही. आज फक्त गोळ्यांनी अंगाला काय केलं तेवढंच लिहिते.

तेव्हाच्या गोळीत स्टॅव्हुडीन असायचं. त्या गोळीनं जीव वाचवला, हे आधी लिहून ठेवते. पण हळूहळू तिनं कातडीखालची चरबी खाल्ली. गाल बसले, कानशिलं खोल गेली, बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. निवडणीच्या टेबलावर ट्यूबलाइटखाली हात पुढं केला की शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या दिसायच्या. शेजारची बाई बेदाण्याची काडी बाजूला काढता काढता माझ्या हाताकडंच बघत राहायची. मी मग उकाड्यातही लांब बाह्यांचा ब्लाऊज घालायला लागले. पायांची आग वेगळीच. रात्री ओलं फडकं गुंडाळून झोपायचं, आणि सकाळी चप्पल घालताना तळवा आपला नसल्यासारखा वाटायचा. डबी पेटीत लपवता येत होती, चेहरा कुठं लपवणार? ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनी गालावरून ओळखलं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं. आमच्यापर्यंत तो बदल यायला आणखी काही काळ गेला. गाल थोडे भरले. पायांची बधिरता अजून आहे.

मग झिडोव्हुडीन आलं. त्यात रक्त कमी होतं, म्हणून सुरुवातीला हिमोग्लोबिन सारखं तपासत. नखांवर काळपट पट्टे उठले. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "मेंदी वाळायच्या आधीच भांड्याला बसलीस काय गं?" मी म्हटलं, होय.

एफाविरेन्झची मात्र गंमत सांगण्यासारखी आहे. रात्री झोपताना घ्यायची, तीही फार तेलातुपाच्या जेवणावर नाही, नाहीतर चक्कर वाढते. अंथरुणातून उठलं की भिंत हलायची. आणि स्वप्नं! वारलेल्या सासूबाई बांधावर उभ्या राहून द्राक्षाच्या विरळणीवरून भांडायच्या, अगदी शब्दन् शब्द ऐकू यायचा. पहिले काही आठवडे हे चाललं, मग निवळलं. पण काहींचं मन खचतं, जीव द्यावासा वाटतो. तसं असेल तर घरात कुणाला तरी आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं. हा हसण्यावारी नेण्याचा प्रकार नाही.

आता टीएलडी. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन, डोलुटेग्राव्हिर, दिवसाला एकच गोळी. माझ्या मते आजवरची सगळ्यात सुखाची. काहींची झोप उडते, त्यांना डॉक्टर सकाळी घ्यायला सांगतात. मूल हवं असलेल्या पोरी घाबरतात, कारण २०१८ मध्ये बोट्स्वानातून बाळाच्या मणक्याबद्दल धोक्याची सूचना आली होती. पुढं आणखी बाळंतपणांची माहिती जमली तशी ती भीती बरीच ओसरली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बायकांसाठीही हीच गोळी पहिली ठरवली.

मी जास्त घाबरते ते मूत्रपिंडाला. टेनोफोव्हिर काहींच्या मूत्रपिंडाला खरंच इजा करतं, हाडंही विरळ करतं. उलट डोलुटेग्राव्हिरनं क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडासाठी रक्तात तपासतात तो, आकडा थोडा वाढतो, पण मूत्रपिंडाला धक्का लागलेला नसतो. म्हणजे रिपोर्टवर आकडा तोच, अर्थ दोन. म्हणून आकडा बघून स्वतःच गोळी बंद करायची नाही आणि स्वतःच निर्धास्तही व्हायचं नाही. लघवीची तपासणी आणि मागचे रिपोर्ट शेजारी ठेवून डॉक्टर ठरवतात. आमच्या शेडमधल्या बायका कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी आणून गिळतात. टेनोफोव्हिर चालू असताना ते रोजचं करणं वाईट.

दुसरं म्हणजे कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या, पित्ताची पातळ औषधं, वैद्याचं शंखभस्म. यांच्यातले धातू पोटात डोलुटेग्राव्हिरला धरून बसतात आणि ते रक्तात नीट उतरत नाही. म्हणून टीएलडी यांच्या आधी दोन तास किंवा यांच्यानंतर सहा तासांनी घ्यायची. कॅल्शियम आणि लोह जेवणासोबत असेल तर एकत्र चालतं, पित्ताच्या औषधाला ही सवलत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन असेल तर तिचा डोस डॉक्टरांकडून बघून घ्यायचा, सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. टीबीची रिफाम्पिसिन सुरू झाली तर डोलुटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं.

हे सगळं जमायचं तर गावातल्या डॉक्टरला सांगावं लागतं की मी काय घेते. इथंच घोडं पेंड खातं. एका दवाखान्यात मी गोळीचं नाव सांगितलं आणि कंपाउंडरनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती अजून विसरले नाही. एचआयव्हीचा २०१७ चा कायदा आहे, तो २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. आपल्या संमतीवाचून कुणी कुणाला सांगू शकत नाही असं त्यात लिहिलंय. गाव लहान, कायदा लांब. मी आता दुसरीकडं माझ्या गोळीचं नावच सांगत नाही. ताप, खोकला काही असो, डॉक्टरची चिठ्ठी आधी सांगलीच्या एआरटी सेंटरला दाखवते आणि मग मेडिकलला जाते. एसटीचं भाडं जातं. जाऊ दे.

लेबल फाडून गोळ्या दुसऱ्या डबीत भरणाऱ्या बायकांना मात्र एक सांगते. आतली बारीक पुडी ओल शोषून घेते, म्हणून कंपनीच्याच डबीत ठेवा, झाकण घट्ट लावून. लेबल खरवडायचं तर खरवडा.

अंगावर पुरळ आणि सोबत ताप, तोंडात फोड, डोळे पिवळे, किंवा धाप आणि उलट्या थांबत नसतील तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी निघा. बाकी कशानंही गोळी बंद करण्याआधी विचारा. रात्री कुणी भेटलं नाही तर एचआयव्हीच्या १०९७ या हेल्पलाइनवर फोन लावा, पैसे पडत नाहीत.