मॉरिशसला जाताय? थोडी क्रिओल शिकून जा

‘तिकडे सगळे आपलेच, हिंदी चालते’ या भरवशावर मॉरिशसला जाऊ नका. हिंदी अनेकांना कळते, पण हॉटेलबाहेर पडलं की सगळा कारभार क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या तिथल्या बोलीत. भाजीवाली, बस कंडक्टर, शाळकरी पोरं, सगळ्यांच्या तोंडी तीच.

गंमत म्हणजे राज्यघटनेत देशाची राजभाषा म्हणून कुठलीच भाषा नाही. संसदेपुरती इंग्रजी, आणि सदस्याला हवं तर फ्रेंच. सरकारी फॉर्म इंग्रजीत, पण वर्तमानपत्रं आणि बहुतेक मेन्यूकार्डं फ्रेंचमध्ये. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट घेतलं तरी फ्रेंचांचे कायदे आणि रीतिरिवाज राहू दिले, त्याचा हा परिणाम. क्रिओलला प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून जागा मिळाली ती थेट २०१२ मध्ये!

राजधानी पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटजवळ दालपुरीच्या गाडीपाशी मी इंग्रजीत दर विचारला, तर गाडीवाल्याने बोटांनी सांगितला. पुढच्या वेळी ‘की मान्येर?’ (कसं काय?) म्हटलं आणि ‘एन पेर’ मागितल्या. दालपुरी जोडीनेच मिळते, म्हणून ‘एन पेर’, म्हणजे एक जोडी. गडी खूश, चटणी सढळ हाताने. दालपुरी म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच, आत डबल बीची भाजी. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा. ‘कोम्ये सा?’ (कितीला?) आणि ‘मेर्सी’ एवढं आलं तरी बाजारात निभावतं. टॅक्सीवाल्याशी मात्र इंग्रजीतच बोला, आणि भाडं बसण्याआधी ठरवा.

हातात नोट आली की नीट बघा: इंग्रजीखाली तमिळ, मग हिंदी. १९९८ साली तमिळ-हिंदीचा हा क्रम उलटा छापला गेला, तमिळ समाज खवळला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या.

मराठी? आहे की. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्यांच्या वंशजांची मुलं आजही शाळेत मराठी विषय घेऊ शकतात. पण घरात बहुतेक क्रिओलच, त्यामुळे ‘अरे वा, मराठी!’ म्हणून समोरच्यावर भडाभडा कोसळू नका, सावकाश बोला. जमलं तर गणपतीतच जा. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. बँका बंद, म्हणून पैसे आदल्या दिवशीच बदलून ठेवा.