फीडिंग थेरपी सुरू झाली एकदाची

सोमवार, रात्र

आज लेकीची फीडिंग थेरपीची, म्हणजे ज्या मुलांना नीट खाणं जमत नाही त्यांना ते शिकवतात त्याची, पहिली वेळ होती. "मोठी झाली की खाईल", "भूक लागली की झक मारत खाईल" हे ऐकून कान किटलेत आता. भूक लागली तरी ती खात नाही हे आम्हाला माहितीय, पण सांगितलं की समोरचा असा बघतो की यांचेच लाड नडलेत.

मला वाटलेलं थेरपिस्ट मॅडम तिला समोर बसवून काहीतरी भरवतील आणि आपण बघून शिकायचं. तसं काहीच नाही. अर्धा वेळ नुसते प्रश्न. लहानपणी दूध उलटून यायचं का, शी कडक होते का, जेवताना खोकला लागतो का, खाल्ल्यावर आवाज ओलसर घरघरल्यासारखा येतो का, मऊ पेस्ट सोडून जरा गुठळ्या असलेलं पहिल्यांदा कधी दिलं. (शेवटच्याचं उत्तर मी आणि बायकोने वेगवेगळं दिलं.) मग तीन दिवसांची फूड डायरी वाचली. दूध, बिस्किट, कुस्करलेलं केळं, दूध, बिस्किट, परत दूध. रोज डोळ्यासमोरच असतं की हे, पण कागदावर एकाखाली एक बघितलं आणि पोटात गोळा आला.

मग तिला बिस्किट खाऊ दिलं आणि मॅडम नुसत्या तोंडाकडे बघत बसल्या. म्हणाल्या, "बाबा, बघा, ती चावत नाहीये, जीभेने टाळूवर दाबून विरघळवतेय." तीन वर्षांच्या मुलाची जीभ घास बाजूला दाढेकडे ढकलते, जबडा गोल फिरतो, हिची जीभ नुसती मागेपुढे. म्हणून विरघळणारं सगळं चालतं आणि जरा चिवट काही आलं की ओकारी. इतके दिवस सगळे हट्ट हट्ट म्हणत होते त्यातला बराचसा भाग हा, की तिला ते जमतच नाही. गाडीत बायको रडली, पण हलकं वाटलं म्हणून.

आणि खुर्ची! पाय लोंबकळत असले की मूल अंग सावरण्यातच दमतं, तोंडाचं काम मागे पडतं. घरी आल्या आल्या पायाखाली खोका ठेवला, वर जुनी पुस्तकं. दिसायला भयंकर आहे पण हलत नाही.

बुधवार

होमवर्क असा की ताटाशेजारी एक छोटी वेगळी ताटली, त्यात नवीन पदार्थाचा एवढुसा तुकडा आणि खायला सांगायचं नाही. चकार शब्द नाही. आधी तो शेजारी चालवून घेणं, मग चमच्याने ढकलणं, बोट लावणं, वास, ओठ, जीभ, चावून थुंकणं, आणि खाणं पार शेवटी. के टूमी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांच्या एसओएस पद्धतीत अशा 32 पायऱ्या आहेत म्हणे. थुंकायला पेपर नॅपकिन मुद्दाम जवळ ठेवायचा, कारण थुंकता येतं हे कळलं की तोंडात घ्यायची भीती कमी होते. आज शिजवलेलं गाजर होतं, तिने चमच्याच्या मागच्या बाजूने ढकललं आणि आम्ही दोघं परीक्षेचा निकाल लागल्यासारखे एकमेकांकडे बघत होतो. आई म्हणाली, "एवढे पैसे भरून अन्नाशी खेळायला शिकवताय?" काय बोलणार.

ओकारी आणि घशात अडकणं यातला फरकही समजावलाय. ओकारीत आवाज येतो, खोकते, डोळ्यात पाणी येतं, तेव्हा शांत बसायचं. श्वासाची वाटच अडकली तर आवाज बंद होतो, घाबरायचं ते तेव्हा. हे पाठ आहे मला, तरी तिला ओकारी आली की मी अर्धा खुर्चीतून उठलेला असतो.

शुक्रवार

काय, कधी आणि कुठे द्यायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते मुलाने. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंचा हा नियम, थेरपीवाले सगळे सांगतात. मला पटतो, पण ज्याचं वजन बरं आहे अशा मुलाच्या आईबापाला तो पाळणं फार सोपं असणार. आमच्याकडे दर महिन्याला काटा बघून छाती धडधडते. वर दिवसभर सारखं दूध पीत राहणं बंद, अडीच-तीन तासांच्या अंतराने खाणं, मधे फक्त पाणी. भूक तयार व्हायला वेळ द्यायचा.

रात्री वाचत बसलो. लहान मुलांच्या फीडिंग डिसऑर्डरची एकमताची व्याख्या 2019 साली आली, त्यात चार बाजू बघतात, आजार, पोषण, खाण्याचं कौशल्य, आणि मन व घरचं वातावरण. चौथीत आम्ही बसतो. जेवायची वेळ झाली की घरात सगळ्यांचे आवाज बदलतात, तिलाही ते कळत असणार. मॅडम म्हणाल्या मोबाइल दाखवत भरवणं एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा. बायकोला उद्यापासूनच बंद करायचंय. त्यावर आमचं वाजलं थोडं.

सोमवारी परत जायचंय. प्रश्न लिहून ठेवलेत: दूध कमी झालं तर वजनाचं काय, पाळणाघरात हे सगळं कोण करणार, आणि आईला मॅडमनी एकदा स्वतःच सांगितलं तर बरं, आमचं काही ती ऐकत नाही.