आरओचं रिजेक्ट पाणी झाडांना घालण्याआधी मिठाचा हिशेब

आरओच्या, म्हणजे पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनच्या, रिजेक्ट पाण्याबद्दल (शुद्ध पाणी काढून घेतल्यावर बाहेर टाकलं जाणारं पाणी) दोन टोकाची मतं कानावर येतात. हे पाणी विषारी, झाडं मरणारच, हे एक. पाणी ते पाणी, बिनधास्त ओता, हे दुसरं. दोन्हीकडच्या मंडळींनी सहसा त्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, दाखवणारा मीटर बुडवून पाहिलेला नसतो.

मशीन स्वतः क्षार तयार करत नाही. नळाच्या पाण्यात जे क्षार होते तेच मेंब्रेनपाशी, म्हणजे मशीनमधल्या गाळणाऱ्या पडद्यापाशी, अडतात आणि उरलेल्या पाण्याबरोबर बाहेर पडतात. ते किती पट वाढतात, हे मशीन किती पाणी शुद्ध म्हणून काढून घेतं त्यावर ठरतं. नळाचा टीडीएस 500 धरू. मशीन चार लिटरमधून एकच लिटर शुद्ध काढत असेल तर उरलेल्या तीन लिटरचा टीडीएस साधारण 650 येतो. निम्मं पाणी शुद्ध काढणाऱ्या मशीनचं रिजेक्ट 950च्या पुढे जातं. आणि चारातले तीन लिटर वाचवणाऱ्या, पाणी आतल्या आत फिरवणाऱ्या मशीनचं 1,900च्या आसपास. म्हणजे ज्या मशीनला आपण पाणी उधळणारं म्हणून नावं ठेवतो, त्याचं रिजेक्ट झाडांना जास्त मानवतं. पाणी वाचवणारं मशीन घेतलं असेल तर त्याचं रिजेक्ट कुंड्यांना घालण्याआधी दोनदा विचार करा.

तुमच्या मशीनचं प्रमाण काढायचं तर साठवण टाकी पूर्ण रिकामी करा, रिजेक्टची नळी बादलीत सोडा आणि टाकी भरून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत थांबा. टाकी 8 लिटरची आणि बादलीत 20 लिटर जमलं, तर शुद्ध पाण्याचा वाटा 28 टक्क्यांच्या आसपास. टीडीएस मात्र मशीन दहा मिनिटं चालल्यानंतरच मोजा. सुरू होताना येणारं पहिलं पाणी आकडा चुकवतं. बोअरचं पाणी असेल तर उन्हाळ्याच्या शेवटी आणि पाऊस संपल्यावर असं दोनदा मोजा, कारण दोन्ही आकड्यांत मोठा फरक पडू शकतो.

मीटरची एक गोम लक्षात ठेवा. तो क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि कुठल्यातरी गुणकाने त्याचे पीपीएम, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम, करतो. कुणी 0.5 वापरतं, कुणी 0.7. त्यामुळे एकच पाणी एका मीटरवर 500 आणि दुसऱ्यावर 700 दिसतं. मीटरवर ईसीचा, म्हणजे थेट वीजवाहकतेचा, पर्याय असेल तर तोच वापरा.

सिंचनाच्या पाण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची जुनी, सर्रास वापरली जाणारी पट्टी अशी आहे: ईसी 0.7 डेसीसीमेन्स प्रति मीटरपर्यंत, म्हणजे साधारण 450 पीपीएमपर्यंत, काळजी नाही. 3च्या पुढे, म्हणजे सुमारे 2,000 पीपीएमनंतर, गंभीर अडचण. ही पट्टी शेतासाठी आहे. कुंडीत माती थोडी आणि मुळांना पळायला जागा नाही, म्हणून हात आखडता ठेवावा. 500पर्यंत सरळ घाला. 500 ते 1,000 असेल तर निचरा चांगला हवा आणि अधूनमधून गोडं पाणी हवं. 1,000 ते 1,500 फक्त काटक झाडांना, तेही मिसळून. त्यापुढचं पाणी फरशी पुसायला आणि संडासात ओतायला वापरा, बागेत नको.

बोगनवेल, कोरफड, नारळ, बीट ही मंडळी खारं पाणी बऱ्यापैकी सोसतात. टोमॅटो आणि पालक मधले. स्ट्रॉबेरी, घेवडा, गाजर, कांदा फार नाजूक. ऑर्किड, नेचे, अँथुरियम आणि कुठलीही नुकती उगवलेली रोपं यांच्या वाट्याला हे पाणी जाऊच देऊ नका.

पाणी मिसळायचं तर अंदाजपंचे नको. हवा असलेला टीडीएस वजा गोड्या पाण्याचा टीडीएस, भागिले रिजेक्टचा टीडीएस वजा गोड्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे मिश्रणात रिजेक्टचा वाटा. रिजेक्ट 1,200, पावसाचं पाणी 30, हवंय 600, तर 570 भागिले 1,170, म्हणजे जवळपास निम्मं-निम्मं. एसीतून ठिबकणारं पाणीही मिसळायला उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतातच.

आता नळी. बहुतेक घोटाळे इथेच होतात. रिजेक्टची पाव इंची नळी मेंब्रेनच्या डब्यातून निघते आणि तिच्यावर फ्लो रिस्ट्रिक्टर, म्हणजे मेकॅनिक ज्याला एफआर म्हणतात ती बोटाएवढी नळकांडी, बसवलेली असते. तिच्यावरचा 300 किंवा 450 हा आकडा मिनिटाला किती मिलिलिटर रिजेक्ट जाईल ते सांगतो. 80 जीपीडीचं (दिवसाला 80 गॅलन शुद्ध पाणी देणारं) मेंब्रेन कागदावर मिनिटाला 200 मिलीच्या आसपास शुद्ध पाणी देतं, त्याला 450चा एफआर जोडला की शुद्ध पाण्याचा वाटा 30 टक्क्यांवर येतो. रिजेक्ट वाचवायचं म्हणून कुणी लहान आकड्याचा एफआर लावून दिला तर मेंब्रेनवर क्षार साचून ते लवकर निकामी होतं, आणि बागेला जाणारं पाणीही खारट होतं. दोन्हीकडून नुकसान.

एफआरच्या पुढे नळीवर कॉक, झडप किंवा फ्लोट व्हॉल्व्ह काहीही बसवू नका. रिजेक्ट साठवायचं पिंप भरलं की पाणी बंद व्हावं म्हणून फ्लोट लावण्याचा मोह होतो. पण रिजेक्ट अडलं की मेंब्रेन धुतलं जात नाही, पिण्याच्या पाण्याचा टीडीएस चढतो आणि जोड सुटून ओट्याखाली पाणी होतं. त्याऐवजी पिंपाच्या वरच्या कडेखाली चार बोटं 20 किंवा 25 मिमीचा ओव्हरफ्लो पाइप काढून ड्रेनकडे न्या. रिजेक्टच्या नळीचं टोक पाण्यात बुडलेलं नको, पाण्याच्या वर मोकळं लटकलेलं हवं. नाहीतर मशीन बंद असताना पिंपातलं पाणी उलटं ओढलं जाण्याचा धोका राहतो.

नळी लांबवायला हरकत नाही. दहा मीटर आडव्या पाव इंची नळीत दोन पीएसआयपेक्षा (पीएसआय हे दाबाचं माप) कमी दाब खर्ची पडतो. पिंप दोन मीटर उंचावर असेल तर आणखी तीन पीएसआय. पंप असलेल्या मशीनला हे जाणवतही नाही, पण नुसत्या नळाच्या दाबावर चालणाऱ्या मशीनसाठी पिंप खालीच ठेवा.

पिंप अपारदर्शक आणि झाकणाचं घ्या. मेंब्रेनच्या आधीचा कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे या पाण्यात शेवाळ झपाट्याने धरतं. ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, डासांसाठी तेवढी फट पुरते. रोज 10 लिटर शुद्ध पाणी लागत असेल आणि वाटा 25 टक्के असेल तर 30 लिटर रिजेक्ट जमतं. दहा इंची कुंडीला दिवसाला लिटरभर धरलं तर पंचवीस-तीस कुंड्या निघतात, म्हणून 50 लिटरचं पिंप पुरे. ठिबक जोडणार असाल तर दाब राखणारे ड्रिपर घेऊ नका, मीटरभर उंचीच्या पाण्यावर ते उघडत नाहीत. साधी बारीक नळी चालते. तोंडाशी पांढरा थर धरला की व्हिनेगरमध्ये भिजत घाला.

खरा खेळ कुंडीतला. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. 800 टीडीएसचं लिटरभर पाणी रोज घातलं तर महिन्याला 24 ग्रॅम क्षार कुंडीत जातात, चार महिन्यांत 100 ग्रॅमच्या आसपास. म्हणून प्रत्येक वेळी घातलेल्या पाण्यातलं 15 टक्के तरी खालच्या भोकातून बाहेर पडलं पाहिजे. तबकडीत साचलेलं पाणी लगेच ओतून द्या, नाहीतर माती तेच खारं पाणी परत शोषते. कुंड्या उघड्यावर असतील तर पावसाळा त्या फुकटात धुऊन देतो. एरवी महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट गोडं पाणी तीन टप्प्यांत ओता. आणि उन्हाळ्यात कुंडी खडखडीत कोरडी पडू देऊ नका. ओल कमी झाली की उरलेल्या ओलीतला खारेपणा तेवढाच चढतो.

बिघाड आधी पानावर दिसतो. जुन्या पानांचं टोक तपकिरी होतं, मग करपणं कडेकडेने आत सरकतं. मातीच्या कुंडीला बाहेरून आणि काठाला पांढरी पूड धरते. हे दिसलं की खत थांबवा, कारण रासायनिक खत हाही क्षारच, आणि कुंडी धुऊन काढा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं असेल तर दुखणं वेगळं: पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे मातीचा पीएच चढला आणि लोह मुळांना मिळेनासं झालं. तिथे कंपोस्ट आणि थोडं गंधक उपयोगी, नुसतं धुऊन भागत नाही. माती वरून सिमेंटसारखी घट्ट होऊन पाणी मुरेनासं झालं तर सोडियमवर संशय घ्या. टेबलचमचाभर जिप्सम मिसळून वरून भरपूर गोडं पाणी सोडा. पानांवर मात्र हे पाणी कधीच शिंपडू नका, पानं क्षार थेट शोषतात.

आरओच्या आधी मीठ घालायचा वॉटर सॉफ्टनर बसवलेला असेल तर त्या मशीनचं रिजेक्ट झाडांना वर्ज्य. टीडीएस कमी दिसला तरी त्यातलं कॅल्शियम जाऊन सोडियम आलेलं असतं. मूळ पाण्यात आर्सेनिक किंवा फ्लोराइड जास्त असेल तर भाजीपाल्याला नको. मेंब्रेनवर क्षारांचा थर धरू नये म्हणून टाकतात त्या अँटिस्केलंटच्या गोळ्यांची भीती बाळगू नका, त्यातून विरघळतं ते बहुधा फॉस्फेट असतं.

नवं मेंब्रेन बसवल्यावर पहिल्या दोन टाक्या भरेपर्यंतचं रिजेक्ट ड्रेनमध्ये सोडा, त्यात मेंब्रेन टिकवायला वापरलेलं रसायन उतरतं. नंतर टीडीएस पुन्हा मोजा. मेकॅनिकने एफआरही बदलला असेल तर जुनं प्रमाण लागू पडत नाही.