तुम्ही विचारलंत म्हणून: तयार मिळतात, तरी फ्लाय स्वतः का बांधतो

"तयार फ्लाय विकत मिळतात, ट्राउट त्यांनाही लागतो, मग व्हाइसपुढे तासन्‌तास वाकून का बसता?" हे इतक्यांनी इतक्यांदा विचारलंय की आता एकदाच नीट सांगतो. फ्लाय म्हणजे पिसं आणि धागा गळावर बांधून केलेला, ट्राउट माशाला भुलवणारा नकली कीटक; व्हाइस म्हणजे बांधताना गळ घट्ट धरणारा शिकंजा.

स्वस्त पडतं म्हणून नाही. पूर्वी मी हेच उत्तर देत असे आणि ते चूक होतं. व्हाइस, बॉबिन (धाग्याची रीळ धरणारं साधन), बारीक कात्री, हॅकलचा (गळाभोवती गुंडाळायच्या पिसाचा) चिमटा आणि कोंबड्याच्या मानेची चांगली पिसं घेतली की हिशेब तिथेच कोलमडतो. जास्त मासे मिळतात म्हणूनही नाही. शेपटी जरा वाकडी असली तरी ट्राउट फ्लाय घेतो, हे मला मान्य आहे.

मग उरतं काय? गळावरचा प्रत्येक वेढा तिथे का आहे, हे ठाऊक असणं. फ्रँक सॉयर इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार होते. त्यांच्या फेझंट टेल निम्फमध्ये (फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांची, पाण्याखालच्या कीटकासारखी दिसणारी फ्लाय) धागाच नाही, नुसती तांब्याची बारीक तार आहे. तीच पिसाचे तंतू बांधते आणि तीच निम्फला बुडायला वजन देते. तिथे उगाच असलेलं काही सापडत नाही. ते हाताने करून पाहिल्याशिवाय कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता अवघड जागेबद्दल. ज्यांनी बांधणं सोडून दिलं, त्यातले बरेच जण इथेच अडले असतील, असं मला वाटतं.

१४ नंबरच्या गळावर (नंबर जितका मोठा तितका गळ बारीक) ॲडम्स बांधायची आहे असं धरा. १९२२ साली मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी बांधलेली ही ड्राय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय. उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून घ्यायचा, कारण दाबताना गळ मोडायचाच असेल तर तो रिकामा असताना मोडू दे. पंख उभे राहिले, शेपटी बसली, करड्या लोकरीचं अंग झालं. लोकर चिमटीत आली त्याच्या निम्मीच वापरायची, नाहीतर अंग पाणी पितं. मग हॅकल: एक तपकिरी पीस, एक पट्टेरी. तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक ते दांडी या अंतराच्या दीडपट. पंखांच्या मागे तीन वेढे, पुढे तीन. दुसरं पीस किंचित हलवत पहिल्यातून न्यायचं, नाहीतर आधीचे तंतू त्याखाली दबून आडवे होतात.

आणि इथे लक्षात येतं की नेढ्यापर्यंत जागाच उरलेली नाही. धाग्याचे शेवटचे वेढे पिसांवर चढतात, ते सरकू नयेत म्हणून हात जरा जास्त ओढतो, धागा नेढ्याच्या कडेवर घासतो आणि तुटतो. ताण गेला की हॅकल उलगडतं, पंख कलंडतात. अर्ध्या तासाचं काम डोळ्यांदेखत सुटतं. त्या क्षणी "विकत घेतली असती तर?" हा तुमचा प्रश्न मलाही पडतो, नाकारत नाही.

पण चूक तिथे झालेली नसते. ती शेपटी बांधायच्याही आधी, पंख बसवताना झालेली असते: ते नेढ्याच्या फार जवळ बसले. नेढ्यामागे निदान नेढ्याएवढी दांडी शेवटपर्यंत उघडी ठेवायची असते. धागा तुटलाच तर उरलेलं टोक लगेच चिमट्यात धरून लोंबकळत सोडायचं, म्हणजे ताण टिकतो. त्यावर नव्या धाग्याचे चार-पाच वेढे घ्यायचे. हॅकल सुटलं असेल तर ते दाबून बसवू नका, पंखांपर्यंत उलगडा आणि पुन्हा गुंडाळा. अंग पूर्ण झालं की एक अर्धी गाठ मारून ठेवली तर पुढे काहीही बिघडलं तरी मागचं वाचतं. शेवटी व्हिप फिनिश ही धागा पक्का करणारी गाठ आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच वॉर्निश. ते नेढ्यात शिरलं तर ओलं असतानाच पिसाची काडी आरपार ओढून घ्यायची. वाळल्यावर, संधिप्रकाशात, नदीकाठी बुजलेलं नेढं उघडणं फार जिवावर येतं.

अशी सुटलेली फ्लाय पुन्हा उभी राहते तेव्हा जे वाटतं, ते विकतच्या डबीत नाही. पाण्यावर ती कलली तर तंतूंची लांबी चुकली हे मला कळतं, बुडाली तर अंग जाड झालं हेही कळतं. घरी आल्यावर ते सुधारता येतं. विकतची कलली तर दुसरी लावायची, एवढंच हातात असतं.

सगळं जमलंय असं मात्र समजू नका. १८ नंबरपेक्षा बारीक गळावर उतरलो की फ्लायचं डोकं (नेढ्यामागचे धाग्याचे शेवटचे वेढे) अजूनही जाडच होतं. बारीक धागा घेतला तर तुटतो, जाड घेतला तर नेढं भरतं. सध्या बारीकच धागा घेऊन एकेक वेढा कमी करत पाहतोय.