दिवाणजी ते इलेक्ट्रिशियन : आमची वाटचाल

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी जवळजवळ वीस वर्षं दिवाणजी होतो. सौदे, पोत्यांची नोंद, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी करून द्यायची, आणि संध्याकाळी रोजमेळ, म्हणजे दिवसाचा जमा-खर्च, जुळल्याशिवाय उठायचं नाही. एकेचाळिसाव्या वर्षी ते सोडून आयटीआयला ॲडमिशन घेतली आणि आज आमची स्वतःची इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टिंगची फर्म आहे. हे कसं जमवलं असं बरेच जण विचारतात, त्यातले निम्मे स्वतः चाळिशीतले असतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

दुकानात कॉम्प्युटर आला, शेठची मुलं हुशार, त्यांनी सगळा हिशेब त्याच्यावर घेतला. मला कुणी जा म्हणालं नाही, शेवटपर्यंत मान दिला, पण माझं काम दिवसेंदिवस कमी होत चाललंय हे मला दिसत होतं. त्याच सुमारास यार्डात हळद पॉलिशच्या मशीनला हात लागून एका हमाल मामांना जोरात शॉक बसला. वाचले ते, पण हात कितीतरी दिवस नीट उचलत नव्हता. वायरमन आला, त्यानं बघितलं तर मोटरची अर्थिंगची वायर, म्हणजे बॉडीत उतरलेला करंट जमिनीत नेणारी, नुसतीच बाजूला गुंडाळून ठेवलेली. मी त्याला विचारलं, की ही वायर जोडलेली असती तर काय झालं असतं? तो म्हणाला, काही नाही, फ्यूज गेला असता. तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातून जाईचना. एक वायर, आणि तिच्यामुळं माणूस राहतो की जातो ते ठरतं.

आपल्याकडं आयटीआयला वयाची वरची अट नाही हे खूप जणांना माहीतच नसतं. वय चौदाच्या वर पाहिजे आणि बहुतेक ट्रेडना दहावी पास पाहिजे, बास. मी वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला, दोन वर्षांचा. सासरे म्हणाले, या वयात शिडीवर चढणार का तुम्ही? काळजीनंच म्हणाले. घर चालवलं ते आमच्या सौ.नी, डबे करून, आणि मी संध्याकाळी दोन दुकानांची खातेवही लिहायचो. सौ. नसत्या तर यातलं काहीच झालं नसतं, हे मी जाईन तिथं सांगतो.

वर्गात सगळी सतरा-अठरा वर्षांची पोरं, मला काका म्हणायची, सर पण माझ्यापेक्षा लहान. पहिले काही महिने नुसतं कानस मारणं, वायर सोलणं आणि जॉइंट मारणं, ब्रिटानिया, मॅरिड, टी जॉइंट. मग एक दिवस गोडाऊन वायरिंग शिकवलं आणि मला फार आनंद झाला. लांबलचक गोडाऊनमधून माणूस आत चालत जातो, एक स्विच टाकला की पुढचा दिवा लागतो आणि मागचा विजतो, परत येताना बरोबर उलटं. सगळा खेळ टू-वे स्विचचा. अख्खं आयुष्य गोडाऊनमध्ये फिरलो होतो, बॅटरी घेऊन पोती मोजली होती, त्यामुळं ते सर्किट मला पाठ करावं लागलं नाही, बोर्डवर बघता बघता समजलं. मोठी मोटर चालू करायच्या स्टार-डेल्टा स्टार्टरला मात्र वेळ लागला. ते माझ्या बेंचवरच्या मुलानं मला रात्री बसून शिकवलं, आणि मी त्याला एस्टिमेट कसं काढायचं, बिल कसं लिहायचं ते शिकवलं. तो पुढं आयटीआयच्या जोरावर डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला गेला, सुपरवायझरचं सर्टिफिकेट काढलं, आणि आज तोच आमच्या फर्मचा पार्टनर आहे. अजूनही काकाच म्हणतो.

सर्टिफिकेट मिळालं म्हणून लगेच बोर्ड लावता येत नाही. एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली राहिलो, झिऱ्या मारल्या म्हणजे पाइपसाठी भिंतीत खाचा पाडल्या, पाइप टाकले, स्लॅबच्या आधी फॅन बॉक्स बसवायला उन्हात उभा राहिलो. मग वायरमनचं परमिट, मग काँट्रॅक्टरचं लायसन्स, त्याला सुपरवायझर लागतो आणि मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायला), अर्थ टेस्टर (अर्थिंग मोजायला), टाँग टेस्टर (करंट मोजायला) ही साधनं स्वतःची लागतात. ती घ्यायला सौ.च्या बांगड्या गहाण टाकल्या, नंतर सोडवल्या. पहिलं मोठं काम आमच्या शेठनीच दिलं, दुकान आणि गोडाऊन दोन्हीचं. पॉलिश मशीनची अर्थिंग मी स्वतः केली.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. घरात एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत असं लोक धरून चालतात. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. माणसाचा जीव घ्यायला शंभर मिलिॲम्पिअर, म्हणजे ॲम्पिअरचा दहावा भागसुद्धा पुरतो आणि १६ ॲम्पिअरच्या एमसीबीला तेवढ्याचा पत्ताही लागत नाही. माणसासाठी असते ती आरसीसीबी, आणि ती मला फार आवडते कारण ती अगदी दिवाणजीसारखं काम करते. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का, एवढाच रोजमेळ ती सतत जुळवत असते. ३० मिलिॲम्पिअरची तफावत आली म्हणजे तो करंट तिसरीकडं कुठंतरी चाललाय, गीझरच्या बॉडीतून नाहीतर कुणाच्या तरी अंगातून, आणि ती अर्ध्या सेकंदाच्या आत सप्लाय तोडते. पण अर्थिंग नसेल तर तफावत यायला आधी कुणाचा तरी हात लागावा लागतो. अर्थिंग असेल तर बिघाड झाला त्याच क्षणी ट्रिप, माणूस मध्ये यायची गरजच नाही. म्हणून दोन्ही पाहिजे. गिऱ्हाईक झुंबराला पैसे देतं आणि अर्थिंगच्या खड्ड्याला घासाघीस करतं, तिथं मी एक रुपया कमी करत नाही, काम गेलं तरी चालेल. रीडिंग ५ ओहमच्या खाली आल्याशिवाय आम्ही खड्डा बुजवत नाही, आणि उन्हाळ्यात परत जाऊन मोजतो, कारण माती वाळली की रेझिस्टन्स वाढतो.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, गावभाग, खणभाग, हरभट रोड, शामरावनगर, सगळं पाण्यात. पाणी उतरल्यावर लोकांना पहिली घाई लाईट आणि मोटरची, गाळ धुवायचा असतो ना. आम्ही घरोघरी सांगत फिरलो, मेन स्विच टाकू नका, आधी बोर्ड उघडू द्या. खणभागात एका आजींच्या घरी बोर्ड उघडला तर आत बोटभर गाळ आणि त्यात एक जिवंत गोगलगाय. बुडालेल्या एमसीबी, स्विच, सॉकेट सगळं काढून टाकलं, पाइपमध्ये हवा मारली, वायरिंगला ५०० व्होल्टचा मेगर लावला. रीडिंग जवळपास शून्य, म्हणजे ओल्या वायरिंगमधून करंट गळणार. आजी म्हणाल्या, बाळा, शेजारी तर लाईट लागली. मी म्हणालो, आजी, भिंत ओली आहे, अजून थोडं थांबा. रोज जाऊन मोजायचो, पाव मेगोहम, अर्धा, आणि एक दिवस काटा एकच्या पुढं गेला तेव्हा मेन टाकला. आजींनी चहा केला, गॅस तेवढा वर माळ्यावर ठेवला होता म्हणून वाचला होता. त्या महिन्यात बऱ्याच घरांत आम्ही मजुरी घेतली नाही, सामानाचे तेवढे पैसे घेतले, आणि आमचं नाव झालं ते त्या महिन्यात.

तेव्हापासून प्रत्येक घराचं एक पान माझ्या वहीत आहे. कुठल्या एमसीबीवर कुठले पॉइंट, वायर दीड स्क्वेअर एमएमची की अडीचची की चारची, मेगरचं रीडिंग, अर्थिंगचं रीडिंग, तारीख. त्याची एक प्रत डीबीच्या, म्हणजे एमसीबीच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवतो. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा ती वही घेऊनच आम्ही निघालो आणि कुणाच्या घरी काय तोडायचं, काय ठेवायचं हे दारातच ठरत होतं.

सध्या पीएम सूर्यघर योजनेमुळं सोलरची कामं वाढलीत, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते म्हटल्यावर चौकशी रोज असते. तिथंही आमचं तेच, घराकडच्या एसी करंटची, पॅनेलकडच्या डीसीची आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरची अर्थिंग वेगवेगळी, तीन खड्डे म्हणजे तीनच. हाताखाली आता पाच जण आहेत, त्यातले एक दादा पन्नाशीचे, यंत्रमागावर होते, त्यांना वायर ओढताना बघून नवी पोरं शिकतात. पुढच्या पावसाच्या आत नदीकाठच्या दोन अपार्टमेंटचे मीटर तळमजल्यावरून वर पहिल्या मजल्यावर घ्यायचेत, महावितरणची परवानगी आलीय, केबल उद्या उतरतेय.