साध्या बंदुकीवर नक्षी

आज खंडेनवमी. सकाळी कोयते, पारय, पॉवर टिलर सगळं पुसून मांडलं आणि शेवटी पप्पांची बंदूक काढली. एकनळी बारा बोअर, शेती संरक्षणाच्या लायसनवरची, आता माझ्या नावावर. दस्त्यावर ओरखडे, नळीचं ब्ल्यूइंग, म्हणजे तो निळसर काळा थर, हात लागतो तिथे गेलंय, बाकी ठणठणीत. झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं, फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि तिथेच चुकलं.

चुलतभावाचा लगेच फोन, अरे हिच्यावर नक्षी करून घे ना, काकांचं नाव, दोन रानडुकरं, बाजूने वेलबुट्टी, मस्त दिसेल. वर व्हिडिओ पाठवला, इटलीतल्या गार्दोने गावचा. तिथले लोक बुलिनो म्हणून एक बारीक सुई घेऊन लोखंडावर टिंबं टिंबं मारून पक्ष्याचं पीस न् पीस काढतात. खरं सांगतो, मी तो तीनदा बघितला, चहा गार झाला.

पण ते काम होतं मऊ लोखंडावर, आणि पाणी नंतर देतात, म्हणजे तापवून कडक करतात. आपल्या तयार बंदुकीच्या अ‍ॅक्शनला, म्हणजे नळी जिथे बसते त्या लोखंडी भागाला, कारखान्यातच पाणी दिलेलं, त्यावर छिन्नी नीट चालणारच नाही, मग आधी तापवून मऊ करा, नक्षी काढा, परत पाणी द्या, आणि त्यात तो भाग जरासा जरी वाकला तरी नळी नीट बसायची नाही. राहिलं लेझर. ते म्हणजे लग्नात मिळालेल्या स्टीलच्या डब्यावरचं नाव, खोली नाही की हाताची लकब नाही. लंडनच्या पर्डी कंपनीच्या भारी बंदुकीवर गुलाब शोभतो कारण खालचं फिटिंगच त्या तोडीचं असतं.

शिवाय आमचा पाऊस. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग कोरलेल्या रेषेत घाम आणि दमट हवा बसली की गंज तिथूनच सुरू. आता सपाट आहे तर तेलाचा फडका फिरवला की दोन मिनिटांत काम होतं.

आणि बंदूक कोणा भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे नेऊन ठेवायची वस्तू नाही, लायसनवाल्या दुकानातच द्यावी लागते. इलेक्शन आलं की ठाण्यात जमा, तिथे सगळ्यांच्या बंदुकांबरोबर ती भिंतीला टेकून उभी. मागच्या वेळी दस्त्याला नवीन चरा घेऊन आली.

उडवतो तरी किती? डुकरासाठी वनखात्याची परवानगी लागते, एरवी वांदरांसाठी हवेत एखादा बार. नक्षीच्या पैशात कुंपणाच्या तारेत करंट सोडणाऱ्या झटका मशीनची नवी बॅटरी येईल आणि डुकरं तिलाच जास्त घाबरतात.

भावाला एवढं सगळं सांगितलं तर म्हणतो, बरं मग नुसतं नाव तरी. दस्त्याच्या टोकाला, रबराच्या पॅडखाली पप्पांनी खिळ्याने स्वतःची आद्याक्षरं कधीच खरवडून ठेवलीत, वाकडीतिकडी. पॅड काढून त्याला फोटो पाठवला. अजून रिप्लाय नाही.