विंटरनाइट रीरीड: दुसरा भाग संपला, वाद अजून चालू आहे

कॅथरीन आर्डेनचं 'द गर्ल इन द टॉवर' परत वाचून झालं. यावेळी आम्ही काही जण मिळून वाचत होतो, निम्मे माझ्यासारखे दुसऱ्यांदा आणि निम्मे पहिल्यांदाच, त्यामुळे प्रतिक्रिया भरपूर जमल्यात आणि त्यातल्या बऱ्याच एकमेकींच्या विरुद्ध आहेत. खाली स्पॉयलर आहेत, सगळेच्या सगळे, वाचलं नसेल तर इथेच थांबा.

नव्याने येणाऱ्यांसाठी पटकन सांगते. पहिला भाग 'द बेअर अँड द नाइटिंगेल' जानेवारी २०१७ चा, हा दुसरा त्याच वर्षीच्या डिसेंबरमधला, आणि तिसरा 'द विंटर ऑफ द विच' जानेवारी २०१९ चा. २०२० मध्ये ही अख्खी विंटरनाइट मालिका ह्यूगोच्या, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीच्या मोठ्या पुरस्काराच्या, बेस्ट सीरिज फायनलिस्टमध्ये होती. चौदाव्या शतकातला रशिया, वास्या नावाची मुलगी जिला घरातली, जंगलातली, पाण्यातली भुतंखेतं म्हणजे चेर्ती दिसतात, आणि हिमाचा राजा मोरोझ्को.

सुरुवातीची पानं

पहिली तक्रार ठरलेली होती: वास्या कुठंय? पुस्तक उघडलं की मॉस्को, वास्याची मोठी बहीण ओल्गा, तिच्या महालातला बायकांचा वरचा मजला म्हणजे तेरेम, तिथे ती पोरांना हिमकन्येची गोष्ट सांगतेय, मग भाऊ साशा जो आता संन्यासी झालाय, मग राजा दिमित्री, मग तो लाल केसांचा कास्यान, आणि आपली नायिका बराच वेळ गायब. दोघांनी तर इथेच पुस्तक बाजूला ठेवायची तयारी केली होती. मला ही सुरुवात फार आवडते आणि दुसऱ्यांदा वाचताना तर जास्तच, कारण आर्डेन आधी तो बुरुज दाखवते आणि मग मुलगी, म्हणजे वास्या घोड्यावर बसून मोकळी सुटते तेव्हा ती कुठे जाऊन अडकणार आहे ते आपल्याला आधीच माहीत असतं आणि जीव टांगणीला लागतो.

रस्त्याचा भाग

याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. सोलोव्हे घोडा, बर्फ, जळालेली गावं, दरोडेखोरांनी पळवलेल्या मुलींना वास्या सोडवून आणते, मुलाच्या वेषात साशाला भेटते आणि दिमित्रीसमोर ती साशाचा धाकटा भाऊ ठरते. पहिल्या भागापेक्षा वेग कितीतरी जास्त आहे. नावांचा गोंधळ होत असेल तर (अलेक्सांद्र म्हणजेच साशा, वासिलिसा म्हणजेच वास्या) शेवटी शब्दसूची आहे, तिथे बोट ठेवून वाचा.

मॉस्को, म्हणजे खरा वाद

इथे सगळ्यात जास्त लोक म्हणाले की यातली परीकथाच कमी झाली. पहिल्या भागात चुलीमागे राहणारा दोमोवोय होता, तळ्यातली रुसाल्का होती, तबेल्यातला वाझिला होता, आणि इथे काय तर दरबार, मेजवान्या, तातारांचा, म्हणजे तेव्हा रशियाकडून खंडणी घेणाऱ्या मंगोलांचा, वसुलीवाला दूत. जंगलातली भीती गेली, असं एका ताईंचं म्हणणं, आणि त्यांना पहिला भाग पाठ आहे म्हणून त्यांचं मत मी हलक्यात घेत नाही.

पण मला वाटतं आर्डेनने हे मुद्दाम केलंय. पहिल्या भागात आपण बघितलंच की कॉन्स्टॅन्टिन पाद्री येऊन लोकांना घाबरवतो, लोक या घरच्या भुतांना भाकर ठेवायची बंद करतात आणि ती भुतं वाळत जातात. मॉस्कोत ती प्रक्रिया आधीच होऊन गेलेली आहे. ओल्गाच्या एवढ्या मोठ्या घरातला दोमोवोय धुरकट, जेमतेम दिसणारा, कारण त्याला कुणी विचारतच नाही. आमच्यातला एक जण तळकोकणातला आहे, त्याच्याकडे अजून राखणदाराला मान देतात, त्याला हा भाग वाचून खरंच वाईट वाटलं, त्याला ही भुतं म्हणजे घरातली माणसंच वाटतात आणि बाकीच्यांना ती फक्त सजावट का वाटते तेच त्याला कळेना.

आणि भीती गेलेली नाहीये, तिने जागा बदललीय. जंगलातून ती घरात आलीय, वरच्या मजल्यावर. ओल्गा सर्पुखोव्हची राणी आहे, तिच्याकडे सगळं आहे, पण ती चर्चला जाते आणि परत येते, एवढंच तिचं बाहेर. तिची लहान मुलगी मार्या, जिला वास्यासारखंच सगळं दिसतं, तिचंही आयुष्य त्याच खोल्यांत जाणार. घोड्याच्या शर्यतीनंतर कास्यान सगळ्या मॉस्कोसमोर वास्या मुलगी आहे हे उघडं करतो तो प्रसंग मला पहिल्या भागातल्या अस्वलरूपी राक्षसापेक्षा जास्त भयानक वाटतो, कारण तिथे राक्षस नकोच, जमलेली माणसंच पुरेशी आहेत. यापेक्षा डार्क अजून काय हवंय?

इतिहास वाचणाऱ्या एका मित्राचा आक्षेप मात्र रास्त आहे. बायकांना तेरेममध्ये इतकं कडक कोंडून ठेवायची पद्धत ठळकपणे दिसते ती सोळाव्या-सतराव्या शतकात, चौदाव्यासाठी पुरावा फार तुटपुंजा आहे. मान्य. म्हणजे आर्डेनने नंतरची भिंत आधी आणून उभी केलीय. कादंबरी म्हणून मला ते चालतं, पण इतिहास म्हणून कुणी वापरू नका.

कास्यान कोण ते कुणी ओळखलं

हा भाग भारी झाला. इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये बऱ्याच जणांना धक्का बसलेला दिसतो, आपल्याकडे मात्र पहिल्यांदा वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आधीच ओळखलं की हा माणूस मरणारा नाही, याचा जीव दुसरीकडे कुठेतरी ठेवलाय. कारण सरळ आहे, राक्षसाचा प्राण पोपटात असतो हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं. कास्यान म्हणजे रशियन परीकथांतला न मरणारा जादूगार कोश्चेई, आणि त्याचा प्राण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी बुयान बेटावरच्या ओकच्या झाडाखाली. गोष्ट तीच, फक्त पेट्या जास्त. ओळखू आल्यामुळे मजा गेली असं एकीचं म्हणणं, मला उलट वाटतं, कास्यान हसत हसत वास्याशी गोड बोलतो ती पानं ओळखल्यावरच जास्त अंगावर येतात.

मोरोझ्को

यावर दोन गट पडलेत आणि ते एकत्र येणार नाहीत. एक गट पूर्ण विरघळलेला. दुसरा म्हणतो की हा अमर, ती सोळा-सतराची, आणि त्याने दिलेल्या नीलमण्यामागे त्याचा स्वतःचा फायदा होता हे त्याने लपवलं, तर याला प्रेम कसं म्हणायचं? मी दुसऱ्या गटाच्या जवळ आहे, पण आर्डेन त्याला सोडत नाही हे पण बघा, वास्याला ते कळतं, ती चिडते, आणि शेवटी तो मणी ती स्वतः फोडते. आणि आता पहिल्या पानांवर जा. हिमकन्या प्रेम केलं की वितळते. ओल्गाने सांगितलेली ती गोष्ट मोरोझ्कोचीच अडचण आहे, तो माणसासारखं प्रेम करेल तर अमर राहणार नाही. पहिल्यांदा वाचताना ती नुसती वेळ काढायला सांगितलेली कथा वाटते.

ओल्गाच्या बाळंतपणाबद्दल कुणी फार बोललं नाही, पण सगळ्यांनी त्याचा उल्लेख केलाच. ओल्गा वाचते, बाळ जातं, आणि वास्याने ज्या प्रेमापोटी मध्ये हात घातला त्याचं कौतुक कुणीच करत नाही. मालिकेतलं सगळ्यात प्रामाणिक प्रकरण.

शेवटची आग मात्र जरा घाईत उरकली असं मलाही वाटतं. अग्निपक्षी सुटतो, लाकडी मॉस्को पेटतं, बर्फ येतो, सगळं फटाफट. खरं मॉस्कोही १३६५ मध्ये भयंकर जळलं होतं आणि दिमित्रीने १३६७ मध्ये पांढऱ्या दगडाचं क्रेमलिन बांधायला घेतलं, ते माहीत असेल तर या आगीला वजन येतं.

पुढचं वाचन

तिसरा भाग सुरू करतोय. त्याआधी दिमित्रीची तातारांशी झालेली कुलिकोव्होची लढाई, ८ सप्टेंबर १३८०, थोडी वाचून घ्या, निदान पेरेस्वेत नावाचा संन्यासी आणि तातार योद्धा चेलुबेय यांची द्वंद्वाची दंतकथा तरी. या भागातला तातार दूत कोण होता आणि साशाचं पूर्ण नाव काय होतं ते आठवा. पहिल्यांदा वाचणाऱ्यांनी पहिली शंभरेक पानं एका बैठकीत काढा, मध्ये थांबलात तर झोप लागणार नाही, आणि ती झाल्याशिवाय कुणाशी बोलू नका, आम्ही पण काही सांगणार नाही.